आतड्याचा जोड गळला, तर पोट पुन्हा उघडावंच लागतं का?

"सिस्टर, आता पुन्हा पोट फाडतील का जी?"

नागपुरातल्या एका रुग्णालयात दुर्बिणीच्या विभागात मी बरीच वर्षं परिचारिका आहे, आणि हा प्रश्न मी किती वेळा ऐकला याचा हिशेब नाही. विचारणारा कधी गोंदियाचा असतो, कधी चंद्रपूरचा, कधी छिंदवाड्याहून आलेला. आठवड्यापूर्वी वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन झालेलं असतं, सगळं नीट चाललंय म्हणून गावी फोन गेलेले असतात आणि अचानक ताप चढतो. राऊंडला आलेले डॉक्टर 'लीक', म्हणजे आतड्याचा जोड गळतोय, हा शब्द उच्चारतात. त्यापुढचं नातेवाइकांना काही ऐकूच येत नाही.

त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पोट पुन्हा उघडावं लागतं का, याचं उत्तर 'कधी कधी हो' असंच आहे. पण बऱ्याच जणांत आतूनच, संडासच्या वाटेनं दुर्बीण घालून इलाज होऊ शकतो. अट एकच, तक्रार वेळेवर सांगायला हवी.

आधी एक घोळ दूर करू. आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना 'दुर्बीण' म्हणतात. पोटाला बारीक छिद्रं पाडून बाहेरून आत घालतात ती एक. तिनं केलेलं ऑपरेशन हे ऑपरेशनच असतं, फक्त चिरा लहान असतात. दुसरी म्हणजे तोंडातून किंवा गुदद्वारातून आत जाणारी लवचीक नळी. तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो, आणि नळीच्या आतूनच हत्यार सरकवायला एक अरुंद बोगदा. मी सांगते आहे ते या दुसरीबद्दल. 'दुर्बिणीनं करू' असं डॉक्टर म्हणाले, तर कुठली दुर्बीण हे बिनधास्त विचारा.

आता जोड का गळतो, ते पाहू. कॅन्सरची गाठ, टीबीमुळे आवळलेला भाग, पीळ पडून काळं झालेलं आतडं, कारण काहीही असो, खराब तुकडा काढल्यावर उरलेली दोन टोकं जोडावी लागतात. हा जोड हातानं टाके घालून करतात किंवा स्टेपलर नावाच्या यंत्रानं. लोकांना वाटतं, जोड गळला म्हणजे टाके कच्चे पडले, डॉक्टरचा हात चुकला. काटोल-कळमेश्वरकडची माणसं आली की मी त्यांना संत्र्याच्या कलमाची आठवण करून देते. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, वर पट्टी बांधतात. डोळा पट्टीमुळे जगतो का? पट्टी फक्त धरून ठेवते. खुंटातून रस आला, डोळा हलला नाही, आत पाणी शिरून कुजलं नाही, तर तो जीव धरतो. आतड्याचंही तसंच आहे. टाके आणि पिना काही दिवस धरून ठेवतात, खरं जुळून येतं ते रक्तामुळे. दोन्ही टोकांना रक्त नीट पोचलं पाहिजे आणि जोडावर ताण नको.

त्यात पहिले चार-पाच दिवस फार नाजूक. शरीर त्या वेळी कडांवरचे जुने धागे विरघळवून टाकत असतं आणि नवे अजून पुरते विणलेले नसतात. म्हणून जोड तेव्हा सगळ्यांत कमजोर असतो. माणूस जात्याच अशक्त असेल, रक्त कमी असेल, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, विडी-सिगारेट सुटलेली नसेल, आधी कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) दिलेले असतील किंवा ऑपरेशन घाईगडबडीत रात्री करावं लागलं असेल, तर धोका वाढतो. गुदद्वाराच्या जितका जवळ जोड, तितकी गळण्याची शक्यता जास्त. तिथं जागा अरुंद असते, पुरुषांत तर आणखीनच, आणि रक्तपुरवठाही बेताचा. सगळं उत्तम करूनही काही जोड गळतात. जगातल्या चांगल्यात चांगल्या रुग्णालयांतही ते घडतं.

आता लक्षणं. हा भाग हळू वाचा.

गळतीची चाहूल बहुधा पाचव्या ते आठव्या दिवशी लागते, आणि अडचण अशी की तोवर बरेच पेशंट घरी गेलेले असतात. ताप येतो, पोट फुगतं, खाल्लेलं नकोसं होतं, दुखणं उतरणीला लागलेलं असताना पुन्हा वर चढतं. जोड खाली असेल तर कंबरेत खोलवर ठणकतं, सारखी संडासची भावना होते, कधी संडासच्या जागेतून पू येतो. पण या सगळ्याच्या आधी कित्येकदा एकच खूण दिसते, नाडी. माणूस पडून आहे, ताप नाही, तरी नाडी शंभराच्या वर धावते आहे, जीव कासावीस आहे. घरचे म्हणतात, 'घाबरले असतील.' मी वॉर्डात काम करायची तेव्हा जुन्या सिस्टरांनी मला शिकवलं होतं की पोटाच्या ऑपरेशननंतर विनाकारण धावणारी नाडी कधी सोडायची नाही. अंगात सूज किंवा संसर्ग किती आहे ते दाखवणारी रक्ताची सीआरपी ही तपासणीही मदत करते. ऑपरेशननंतर ती वर जातेच, पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरायला हवी. उतरत नसेल तर डॉक्टर सीटी स्कॅन करून पाहतात.

एक गृहस्थ मला विसरता येत नाहीत. पाचव्या दिवशी घरी गेले. सातव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरली. घरच्यांनी तापाची गोळी दिली, उतरला. आठव्या दिवशी पुन्हा तेच. 'रविवार आहे, उद्या दाखवू' म्हणाले. सोमवारी आणलं तेव्हा पोट लाकडासारखं घट्ट झालं होतं. ते आमच्या टेबलावर आलेच नाहीत, थेट ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. जगले, पण दोन महिने अंथरुणात. शनिवारी रात्रीच आले असते, तर कदाचित आमच्याकडे आले असते.

कारण कोण थिएटरमध्ये जाणार आणि कोण दुर्बिणीच्या खोलीत, हे एका गोष्टीवर ठरतं. घाण पोटभर पसरली आहे की एका कोपऱ्यात अडकली आहे? पसरली असेल, पोट घट्ट असेल, बीपी पडत असेल, किंवा आतड्याचं टोकच मेलेलं असेल, जोड निम्म्याहून जास्त सुटला असेल, तर पोट उघडून धुणं हाच इलाज. तिथं दुर्बिणीचा हट्ट धरू नये. पण गळती लहान असेल, शेजारच्या अवयवांनी तिच्याभोवती कुंपण घातलं असेल आणि माणूस स्थिर असेल, तर वेळ हातात असतो. गुदाशयाजवळचे जोड गळतात जास्त, पण तिथं एक सोयही आहे. पोटाच्या आतलं अस्तर वरच संपतं आणि हा जोड त्याच्या खाली, कंबरेच्या हाडांच्या कटोऱ्यात असतो. त्यामुळे तिथली गळती बहुतेक वेळा त्या कटोऱ्यातच साठते आणि पुवाची पोकळी तयार होते. अँटिबायोटिक चालू करतात, बाहेरून पोचता येत असेल तर सोनोग्राफी किंवा सीटीत बघून नळी टाकतात. नाही तर आतून आम्ही जातो.

ताज्या जोडावर दुर्बीण घालायची म्हटलं की नातेवाईक दचकतात. धक्क्यानं आणखी उसवणार नाही का? रास्त भीती आहे. म्हणून हे काम जपून करतात. साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात, तो शरीरात पटकन शोषला जातो आणि आतडं फुगून ताणलं जात नाही. पडद्यावर जोड दिसतो तेव्हा स्टेपलरच्या इवल्याशा पिना गोलाकार रांगेत चमकताना दिसतात, आणि त्या रांगेत एके ठिकाणी काळं भोक. त्या भोकातून आत गेलं की पांढऱ्या-पिवळ्या कुजक्या थरानं माखलेली पोकळी.

या पोकळीसाठी मला सगळ्यांत जास्त विश्वास वाटतो तो स्पंजवर. मधुमेहाच्या पायाच्या जखमेला 'व्हॅक' लावलेलं तुम्ही पाहिलं असेल. जखमेवर स्पंज, वर चिकटपट्टी, आणि एक नळी जी यंत्राकडे सतत खेचत राहते. तीच कल्पना इथं आतून वापरतात. कात्रीनं स्पंजचा तुकडा पोकळीच्या मापाचा, किंचित लहानच कापायचा. तो नळीला जोडून दुर्बिणीच्या वाटेनं पोकळीत सरकवायचा. नळीचं दुसरं टोक गुदद्वारातून बाहेर काढून बाटलीला किंवा यंत्राला लावायचं. यंत्रावर ओढ साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याइतकी ठेवतात. ओढ सुरू झाली की स्पंज आक्रसतो आणि पोकळीच्या भिंती आपल्याकडे ओढून घेतो. पू साठायला जागाच उरत नाही, तो बाटलीत जातो. सूज उतरते, भिंतींना रक्त वाढतं.

दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलावा लागतो, कारण कोवळं मांस त्याच्या छिद्रांत शिरायला लागतं. काढायच्या आधी आम्ही नळीतून सलाइन सोडून थोडा वेळ थांबतो, म्हणजे पकड सैल होते. तरी निघताना चिमटा बसतोच, म्हणून आधी इंजेक्शन देऊन गुंगी आणतात. पहिला स्पंज निघतो तेव्हा खोलीत वास भरतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला वास गेलेला असतो. पडद्यावर पिवळा थर जाऊन लालबुंद, डाळिंबाच्या दाण्यांसारखं मांस दिसायला लागतं, आणि प्रत्येक वेळी मी स्पंज आधीपेक्षा लहान कापते. पेशंट शुद्धीवर आला की मी त्याला बोटांनी माप दाखवते, "गेल्या वेळी एवढा होता, आज एवढा." त्या बोटांमधल्या अंतरावर माणसं तग धरून राहतात.

हे काम आठवड्यांचं आहे, कधी कधी महिन्याच्या वर जातं. दहापैकी साधारण आठ जणांत पोकळी अशा रीतीनं भरून येते, असं वेगवेगळ्या देशांतल्या अनुभवांचे एकत्रित आढावे सांगतात. मात्र लवकर सुरू केलं तर. महिनोन् महिने मुरलेल्या पोकळीची भिंत कडक होते, ती ओढली तरी येत नाही.

गळती अगदी लहान असेल, कडा ताज्या आणि मऊ असतील, आत पू नसेल, तर क्लिप लावता येते. एक साधी क्लिप असते, चिमट्यासारखी, दुर्बिणीच्या बोगद्यातून जाणारी. एखाद्या सेंटिमीटरपर्यंतच्या फटीला ती चालते. दुसरी मोठी, दुर्बिणीच्या टोकावर टोपीसारखी बसवलेली असते. फट टोपीत ओढून घ्यायची आणि क्लिप सोडायची, ती अस्वल पकडायच्या सापळ्यासारखे दात रोवून बसते. पण भिंत सुजलेली किंवा कडक असेल तर दात फाडूनच निघतात. आणि आत पू असताना दार लावून घेणं म्हणजे चोराला घरात कोंडणं. म्हणून 'क्लिप लावून मोकळं करा' असा आग्रह डॉक्टरांना करू नका.

तिसरा मार्ग स्टेंटचा, आच्छादन असलेली जाळीची नळी फटीवरून आतून बसवतात. मोठ्या आतड्यात ती जागेवर टिकत नाही, घसरते. गुदद्वाराच्या अगदी जवळ बसवली तर सतत कळ आणि संडासची भावना राहते. निवडक पेशंटमध्येच ती उपयोगी पडते.

रक्तस्रावाबद्दल थोडक्यात. ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन संडासांत थोडं काळपट रक्त येऊ शकतं, ते बहुधा आपोआप थांबतं. ताजं लाल रक्त वारंवार येत असेल, चक्कर येत असेल, तर दुर्बिणीतून क्लिप लावून थांबवतात. नव्या जोडावर चटका द्यायचं शक्यतो टाळतात, कारण भाजलेली जागा पुढे गळू शकते.

आणि आता उलटी तक्रार. जोड गळत नाही, आवळतो. ही ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येते, सगळे निर्धास्त झालेले असताना. संडास बारीक दोरीसारखी होते, जेवल्यावर पोटात मुरडा येतो, पोट गुडगुडत फुगतं आणि मग एकदम मोकळं होतं. आधी गळती झालेली असेल तर आवळण्याची शक्यता जास्त. पोटावर मळाची पिशवी असलेल्यांतही हे दिसतं, कारण जोडातून मळ जातच नाही आणि वापराविना तो मिटत जातो.

इथं फुगा कामाला येतो, आणि इथं माझ्या हातालाही काम असतं. डॉक्टर गुंडाळलेला फुगा अरुंद जागेत नेऊन थांबतात. मी दाबमापक असलेली पिचकारी फिरवत फुग्यात पाणी भरते आणि आकडा मोठ्यानं सांगते. पडद्यावर फुग्याला मध्ये कंबर दिसते. हळूहळू ती कंबर जाते, फुगा सरळ होतो. मिनिट-दोन मिनिटं तसंच धरायचं. एकच फुगा दाब वाढवत १८, मग १९, मग २० मिलिमीटर करता येतो. एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. बहुतेकांना दोन-तीन वेळा यावं लागतं. ऐकलंच नाही तर आवळलेली कड आतून चिरतात. आतडं फाटण्याचा धोका थोडा असतो, म्हणून नंतर काही तास पोटावर लक्ष ठेवतो. कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्याच वेळी तुकडाही तपासायला घेतात, कारण आवळण्यामागं गाठ परतलेली नाही ना, हे पाहणं भाग असतं.

नागपूरकरांना एक सांगायलाच हवं. जोड आवळलेला असेल तर संत्र्याची फोड अख्खी गिळू नका. फोडीवरचा पापुद्रा आणि पांढऱ्या शिरा पचत नाहीत, न चावता गेल्या तर अरुंद जागेत बूच बसतं. भेटायला येणारा प्रत्येक जण पिशवीभर संत्री आणतो आणि पेशंट नाही म्हणू शकत नाही. पापुद्रा सोलून आतला गरच खा, किंवा गाळलेला रस घ्या. शेवग्याच्या शेंगा, मक्याची कणसं यांनाही काही दिवस आराम द्या.

पिशवीचंही बोलू. जोडाला सावरायला वेळ मिळावा म्हणून लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवतात आणि मळ पिशवीत जातो. पिशवीमुळे गळती झालीच तरी ती जीवघेणी होण्याचा धोका कमी होतो, आणि स्पंजचा इलाज चालू असताना तर ती फार मोलाची. पण नागपूरचा मे महिना आणि लहान आतड्याची पिशवी, हे दोन्ही एकत्र आलं की मला काळजी वाटते. पिशवीतून पाण्याबरोबर मीठही जातं. बाहेर पारा ४५ च्या आसपास. तहान लागते म्हणून माणूस साधं पाणी ढोसत राहतो, आणि पिशवी आणखी पातळ भरते, मीठ आणखी घटतं. अशा वेळी ओआरएस प्या, घोट घोट, दिवसभर. लघवी गडद आणि कमी झाली, पायात गोळे आले, उठल्यावर अंधारी आली तर त्याच दिवशी दाखवा. पेशंटला सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल, आणि आपल्या विदर्भात ते कमी नाही, तर अंगातलं पाणी कमी होऊ देणं दुप्पट महागात पडतं. डॉक्टरांना सिकलसेल आहे हे आधी सांगा.

खर्चाचा विषय लोक लाजून शेवटी काढतात. तो पहिल्याच दिवशी काढा. स्पंज किंवा फुगा हे एका बैठकीचं काम नसतं. म्हणून 'एका वेळेचे किती' असं न विचारता 'अंदाजे किती वेळा यावं लागेल आणि सगळे मिळून किती' असं विचारा. सरकारच्या महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडून, आधीच समजून घ्या. मेडिकलला किंवा सुपरला, म्हणजे नागपुरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा सुपर स्पेशालिटी रुग्णालयात, जायचं असेल तर सगळे कागद घेऊन जा. दर तिसऱ्या दिवशी गडचिरोलीहून येणं होत नाही. अशा वेळी भरती ठेवतात का, की शहरात नातेवाइकांकडे राहून ये-जा चालेल, तेही ठरवून टाका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं नाव सांगा, मनानं बंद करू नका.

आणि सुट्टी होताना डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहिल्या आहेत का ते बघा: जोड कोणत्या तारखेला केला, हातानं की स्टेपलरनं, आणि गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर. नसतील तर लिहून मागा. रात्री दोन वाजता ताप घेऊन तुम्ही अनोळखी डॉक्टरसमोर उभे राहाल, तेव्हा ते आधी हेच विचारतील. कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि मागच्या बाजूला वॉर्डाचा फोन नंबर.